विहिरीवरच्या डब्याची आठवण

मांडवगण फराट्यात आमची विहीर तीन घरांत सामाईक आहे: आमचे वडील हौसराव, म्हणजे आबा, धाकटे संपतकाका, आणि तिसऱ्या घरच्या सरूकाकी. पाणी पाळीनं. ही पाळी भांडणाशिवाय पार पडल्याचं भावकीत कुणाला आठवत नाही, आणि तशी कुणाची फारशी इच्छाही नव्हती.

त्यात सरूकाकींनी कासुर्डीची सून आणली. स्वप्नालीवहिनी पाबळला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. पहिल्याच उन्हाळ्यात तिनं विहिरीवर स्वतः बनवलेला डबा बसवला. लाइट आली की मोटर चालू, एकाची वेळ भरली की त्याचा व्हॉल्व्ह बंद आणि पुढच्याचा उघडा. रानात कुणी पळायला नको.

खोड एकच. लाइट गेली की डबा सगळं विसरायचा आणि परत आली की पहिल्या नंबरापासून, म्हणजे आबांपासून, सुरू करायचा. आमच्याकडं लाइट दिवसातून किती वेळा जाते ते विचारू नका. आबांच्या उसात चिखल, आणि शेवटच्या नंबरावरचा काकींचा कांदा माना टाकून.

“ह्यो डबा हौसदादाचा सोयरा हाय का गं?” संपतकाकांनी विचारलं.

“मशीनला थोरल्याचा मान कळतो, त्याला मी काय करू?” आबा म्हणाले.

“ते काय न्हाई,” काका वहिनीला म्हणाले. “ सेकंद न् सेकंद लिवून ठिवायला सांग त्याला. न्हाईतर डबा उपटून विहिरीत टाकतो.”

वहिनीनं ऐकलं. चिपमधल्या फ्लॅश मेमरीत लिहिलेलं लाइट गेली तरी राहतं. पाळी कुणाची, वेळ किती उरला, हे डबा दर सेकंदाला तिथं लिहू लागला. दोन-तीन दिवस एवढा न्याय झाला की आबांना करमेना.

मग एका दुपारी लाइट जाऊन आली आणि डबा संपतकाकांच्या नावावर हजारावर तास पाणी दाखवू लागला.

“मला तर हिशेब बराबर वाटतोय,” काका म्हणाले.

“उपटा!” आबा गरजले. “रविवारपत्तुर नीट झाला तर ठीक, न्हाईतर पयल्यासारखं हातानं.”

वहिनीनं डबा घरी नेला, उघडला आणि कपाळावर हात मारला. फ्लॅशवर नवं लिहायचं तर आधी जुनं पुसावं लागतं, आणि दर पुसण्याला ती जागा थोडी झिजते. हिनं मेमरीच्या एकाच कप्प्यात सेकंदासेकंदाला खरडणं चालवलं होतं. तो कप्पा झिजून मेला होता.

“आत्याबाई,” ती सासूला म्हणाली, “सगळी विहीर पाळीवर चालती, आन् मी एकच कप्पा राबवून मारला. बाकीचे नुसते बसून!”

“मग लाव की त्यांनाबी पाळी,” काकी भाकरी थापत म्हणाल्या.

नवी चिप आली. आता डबा सतत लिहीत नव्हता. लाइट गेल्याचं कळलं की थोडी वीज साठवून ठेवणाऱ्या शेजारच्या कपॅसिटरमधल्या उरल्यासुरल्या करंटवर एकदाच लिहायचा, आणि दर वेळी पुढच्या कप्प्यात. लाइट आली की सगळ्यांत ताजी नोंद वाचायचा.

रविवारी सगळी भावकी विहिरीवर. काकींची पाळी निम्मी झाली होती. संपतकाकांनी फ्यूज काढला. परत घातला. स्क्रीनवर सरूबाई, तेवढाच वेळ. पुन्हा काढला. पुन्हा सरूबाई. मग काकांना चेवच चढला. फ्यूज काढताना घातताना त्यांच्या टोपीखालून घाम गळायला लागला.

“आरं, बोटं झिजतील तुझी,” आबा म्हणाले. “चिप न्हाई झिजायची.”

शेवटच्या वेळी मोटर घुमली आणि पाणी काकींच्या कांद्याकडं निघालं. काकी पाटाच्या कडेनं पाण्याबरोबर चालत गेल्या, वळूनसुद्धा बघितलं नाही.

विहिरीवरच्या खोलीची चावी भावकीत थोरल्याकडंच असते. आबांनी ती करगोट्यातून सोडवली, जरा वेळ हातात खेळवली आणि वहिनीपुढं धरली.

“धर. पर एक ध्यानात ठिव, पोरी. पयला नंबर माझाच हाय.”

“व्हय, आबा,” वहिनी म्हणाली. “पर दिवसातनं एकदाच.”