माहेरचा मासा

मी तळ्याकाठच्या या गावात नवी शिक्षिका, आमच्या बोलीत 'इनांग गुरू', म्हणून आले, त्याच आठवड्यातल्या रविवारी जाउलुंग पहिल्यांदा माझ्या नजरेत भरले. चर्चमध्ये मी बायकांच्या बाजूला, मागच्या बाकावर बसले होते. पाळकांचा उपदेश संपला आणि काळा झगा घातलेला एक किडकिडीत माणूस उभा राहिला. मंडळीने निवडलेल्या अशा सेवकाला आम्ही सिंतुआ म्हणतो. ज्यांची लग्नं ठरली होती त्यांची नावं ते वाचू लागले. आमच्याकडे लग्नाआधी दोन रविवार ही पुकार होते, म्हणजे कुणाची हरकत असेल तर त्याला ती सांगता यावी. नेमका तेव्हाच एक कुत्रा आत शिरला आणि पाळकांच्या पायांशी उभा राहून भुंकायला लागला. बाकीचे हसले. जाउलुंग थांबले, कुत्र्याला बाहेर नेऊन दार लावेपर्यंत शांत उभे राहिले, आणि मग मुलीचं नाव त्यांनी बापाच्या नावासकट पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

नंतर त्यांची बायको तिओलिना माझी मैत्रीण झाली. तिने सांगितलं, की शनिवारी संध्याकाळी ते प्रत्येक मुलीच्या घरी जाऊन तिचं नाव नीट कसं म्हणायचं ते विचारून येतात. जर्मन मिशनऱ्यांच्या काळापासून आमच्याकडची नावं अशी, की बारशाला एक आणि शाळेत दुसरं. प्रत्येक जोडीचं नाव वाचून झालं की ते कागद खाली करत आणि मंडळीकडे पाहत. तेवढ्या वेळात पुरुषांच्या बाकांवरचे निम्मे तरुण आपल्या चपलांकडे बघत बसतात, असं गावात म्हणत.

तिओलिना आजारी पडली तेव्हा तिचं सगळं त्यांनीच केलं. ती गेल्यावर ते एकटे राहिले. मुलगी होतमाइदा जाकार्तात नोकरीला. जाउलुंग सकाळी भात लावायचे आणि तोच रात्रीपर्यंत खायचे. चर्चला आले की झग्याला इस्त्री असायची, पण आतल्या सदऱ्याची कॉलर उलटी. दोन वर्षं हे असंच चाललं. मग ते रोज सकाळी बोटीच्या धक्क्यावर जाऊन लामरियाकडून लाप्पेत विकत घ्यायला लागले.

केळीच्या पानात उकडलेले तांदळाचे आणि नारळ-गुळाचे लाप्पेत लामरिया विकते. ती विधवा. मुलगा बाटामला कारखान्यात कामाला. बायकांच्या गायनवृंदात तिचा आवाज खालच्या पट्टीचा आणि पक्का. जाउलुंगना गोड चालत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पुरुषांच्या गायनवृंदातले तोगु एकदा माडीच्या दुकानात सगळ्यांसमोर म्हणाले, "सिंतुआ, तुमची डुकरं हल्ली फार गुबगुबीत दिसतात. रोज लाप्पेत खातात काय?" जाउलुंग कानापर्यंत लाल झाले, पण नाही म्हणाले नाहीत.

वर्षभराने त्यांनी मला सांगितलं, की त्यांना लामरियाशी लग्न करायचं आहे. पाळकांची हरकत नव्हती. लामरियाच्या सासरच्यांनीही आडकाठी घेतली नाही. होतमाइदा आधी फोनवर गप्प झाली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, की तिला चालेल. पण आमच्यात पहिल्या बायकोच्या भावाला विचारल्याशिवाय हे करता येत नाही. बायकोच्या माहेरची माणसं आम्हाला सर्वांत मानाची. त्यांचा आशीर्वाद नसेल तर पुकार झाली काय आणि न झाली काय. होतमाइदाने एवढंच मागितलं होतं: तुलांग नाही म्हणाले तर विषय सोडून द्या बापा, त्यांच्यातून आणि तुमच्यातून मला एकाला निवडायला लावू नका. तुलांग म्हणजे आईचा भाऊ.

हे तुलांग म्हणजे मानाएक. तळ्यापलीकडच्या गावात त्यांची भातशेती आहे. माणूस धिप्पाड आणि तोंडाचा फटकळ. आईवडील लवकर गेल्याने तिओलिनाला त्यांनीच वाढवलं होतं. येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, गुरुवारी, चर्च सुटल्यावर जाउलुंग आणि तोगु बोटीने त्यांच्याकडे गेले आणि सगळं बोलले. मानाएकनी ऐकून घेतलं. "रविवारी जेवायला येतो," एवढंच म्हणाले.

मग शुक्रवार-शनिवार गावभर एकच चर्चा. ते मासा आणतील का? माहेरचा माणूस मुलीला आशीर्वाद द्यायला येतो तेव्हा अखंड मासा आणतो. सोनेरी खवल्यांचा मासा, खवले न काढता हळद, आलं आणि तिरफळात पाणी आटेपर्यंत शिजवलेला, डोक्यापासून शेपटीपर्यंत कुठेही न मोडलेला. मासा आला तर होकार. नाही आला तर तोंडाने काही बोलायचीसुद्धा गरज नाही.

सुटी जोडून आल्यामुळे रविवारी चर्च भरलं होतं. शहरातून आलेल्या मुली नव्या चपला घालून, नातवंडं आजोबांच्या मांडीवर. मानाएक सकाळच्या पहिल्या बोटीने आले असावेत. ते पुरुषांच्या बाजूला पहिल्या बाकावर बसले आणि सगळी गीतं पुस्तक न उघडता म्हटली. जाउलुंगनी त्या दिवशी दोन जोड्यांची नावं वाचली. आवाज नेहमीसारखाच होता. कागद मात्र त्यांनी खाली केला नाही, तसाच दोन्ही हातांत धरून ठेवला.

चर्च सुटल्यावर मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. होतमाइदा डुकराच्या मांसाच्या हंड्यापाशी बसली होती. लामरियाला बोलावलं नव्हतं. होकाराआधी ती त्या घरात यायची नाही. ती धक्क्यावर आपल्या घरी थांबली होती.

मानाएक पायऱ्या चढून आले. अंगात रविवारचा कोट, कपाळाला घाम. दोन्ही हात मोकळे.

दाराशी गेलेल्या होतमाइदाने आधी त्यांचे हात पाहिले आणि मग तोंड. आत येऊन तिने हंड्याखालची लाकडं ओढून घेतली. "झालं, इनांग गुरू," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, असं झालं तर मला हलकं वाटेल." मग ती ताटं पुसत राहिली, आधीच पुसलेली.

चटई टाकली, भात वाढला. मानाचा जबड्याचा तुकडा जाउलुंगनी आपल्या हाताने मानाएकच्या ताटात ठेवला. मानाएक पावसाबद्दल बोलले, भाताच्या किडीबद्दल बोलले, या वर्षीचे पाळक उपदेश फार लांबवतात असं म्हणाले. जाउलुंग प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. त्यांच्या ताटातला भात तसाच होता. मग त्यांनी हात धुतले आणि गुडघ्यांवर ठेवले.

"लाए," ते मेव्हण्याला म्हणाले, "गुरुवारी बोललो ते मी मागे घेतो. तुम्ही आलात, जेवलात, मला तेवढं पुष्कळ आहे. तुमच्या मनाविरुद्ध या घरात काही होणार नाही."

मानाएकनी तोंडातला घास सावकाश संपवला. "माझ्या मनाविरुद्ध आहे हे तुला कुणी सांगितलं?"

 जाउलुंगची नजर मेव्हण्याच्या हातांवर गेली आणि मानाएकनीही आपल्या हातांकडे पाहिलं.

"हे होय," मानाएक म्हणाले. "अरे, मासा मी तुझ्या हातात कशाला देऊ? तुला मी वाढवलंय का? मासा बहिणीला देतात. दिला बहिणीला."

होतमाइदा दारात उभी होती. "तुलांग," ती हळूच म्हणाली, "आई तर..."

"तुझी आई टेकडीवर आहे, पोरी. मला काय शिकवतेस? सकाळी बोटीतून उतरलो तो आधी तिच्याकडेच गेलो. तिथे बसलो, बोललो. मग धक्क्यावरच्या धाकटीकडे गेलो. मासा तिच्याकडे ठेवलाय." जरा थांबून ते चिडून म्हणाले, "तिला सांगितलं होतं, पोटभर खा आणि उरलेला इकडे घेऊन ये. आली का नाही अजून? कानाने कमी आहे का?"

 जाउलुंग उठायला गेले, पण मानाएकनी त्यांचा सदरा धरून खाली बसवलं. "तू बस. इनांग गुरू जातील."

मी जवळजवळ धावतच गेले. लामरिया आपल्या पडवीत बसली होती, रविवारचे कपडे घालून, समोर झाकलेला हंडा. त्यावर ओला फडका. हातातल्या पंख्याने ती माश्या हाकत होती. मला पाहून उभी राहिली.

"ते आले, हंडा ठेवला, बसलेसुद्धा नाहीत," ती म्हणाली. "पोटभर खा म्हणाले. इनांग गुरू, मला वाटलं, नाही म्हणायचं म्हणून माझं तोंड गोड करून जातायत. किंवा चुकून इथे ठेवलाय. मासा माहेरचे देतात. माझे भाऊ तिकडे लांब दाइरीत. यांची मी कोण?"

मी तिला मानाएकचे शब्द जसेच्या तसे सांगितले. धाकटीकडे ठेवलाय, असं म्हणाले, म्हणून सांगितलं. ती तशीच उभी राहिली. मग खाली बसली, फडका काढला, झाकण उघडलं. मोठा मासा होता, अखंड, शेपूट हंड्याच्या काठावर टेकलेली. तिने पोटाकडचा एक तुकडा काढला आणि खाल्ला. मग दुसरा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा म्हणाली, "तिरफळ जरा जास्तच घातलंय त्यांच्या घरच्यांनी."

हंडा दोघींनी मिळून वर नेला. मानाएकनी आत डोकावून पाहिलं. "एवढाच खाल्लास? माझ्या बायकोने पहाटेपासून चुलीपुढे बसून शिजवलाय. तिला काय सांगू?"

लामरिया चटईच्या कडेला बसली. जाउलुंगनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण ताटातला भात मात्र संपवायला घेतला.

जेवणं झाल्यावर मानाएक म्हणाले, की त्यांचं एकच म्हणणं आहे. टेकडीवर तिओलिनाच्या थडग्याशेजारची जागा जाउलुंगची आहे, ती तशीच राहायला हवी. आम्ही सगळे खाली पाहायला लागलो. एवढ्या लवकर हे कुणी काढावं असं नव्हतं. लामरियाने मात्र लगेच उत्तर दिलं.

"राहू दे ना, दादा. माझी जागा माझ्या पहिल्याशेजारी आहे, खाली रस्त्यालगत. ती टेकडी चढायची मला कुठली हौस?"

ती त्यांना भाऊ म्हणाली हे तिच्याही उशिरा लक्षात आलं. मानाएक आधी बघतच राहिले आणि मग हसले. तिओलिना गेल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. होतमाइदाने आतून दुसरं ताट आणलं आणि लामरियाच्या पुढ्यात ठेवलं. जरा घाईने, भात सांडत, पण स्वतःच्या हाताने.

दुपारी तोगु आणि गायनवृंदातले दोघेतिघे बातमी कळून आले. माडी आली. मानाएकची बोट संध्याकाळची होती, तोपर्यंत पायऱ्यांवर बसून सगळ्यांनी हळू आवाजात गीतं म्हटली. शेजारच्या घरात तान्हं मूल झोपलं होतं. तोगुंनी डुकरांचा विषय पुन्हा काढला तेव्हा लामरिया म्हणाली, की डुकरांची उधारी अजून बाकी आहे. तळ्यावर वारा पडला होता. होतमाइदा सोमवारी परत जाणार होती. तिने वडिलांच्या सदऱ्याची एक बटणपट्टी शिवायला घेतली आणि ते "असू दे, असू दे" म्हणत असतानाही ती संपवली. मानाएकना निरोप द्यायला आम्ही सगळे धक्क्यापर्यंत गेलो. बोट सुटल्यावर त्यांनी हात हलवला नाही. हलवतही नसत.

जूनमध्ये लग्न झालं. लामरिया धक्का सोडायला तयार नव्हती, म्हणून जाउलुंगच तिच्या घरी राहायला गेले. आता ते सत्तरीच्या पुढे आहेत. आपलं घर त्यांनी शाळेतल्या नव्या शिक्षकाला भाड्याने दिलं आहे, आणि रोज पहाटे लामरिया पीठ मळते तेव्हा ते तिच्या शेजारी बसून नारळ खोवतात.