हळदीच्या शेडमधला सॅक्सोफोन

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी मी विसरले, काही मुद्दाम विसरले. ही एक मात्र ठरवूनही विसरता आली नाही. वरातीत सॅक्सोफोनचा पहिला सूर निघाला की माझ्या अंगावर काटा येतो आणि शेजारी बसलेली नात विचारते, "आजी, थंडी वाजते का गं?" मी "हो" म्हणते. निवृत्त पोलीस निरीक्षकाने दुसरं काय म्हणायचं?

तेव्हा मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्यात नवी फौजदार होते. नवी म्हणजे टोपी सरळ बसली आहे का ते जीपच्या आरशात बघणारी. आपण रुजू झाल्याची बातमी लागल्यापासून जिल्ह्यातल्या चोरांची झोप उडाली आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ठाण्यातले जुने हवालदार मला 'मॅडम' म्हणत, पण तो शब्द उच्चारायच्या आधी क्षणभर थांबत. त्या थांबण्यात काय असे, ते मला फार उशिरा कळलं.

दसरा नुकताच झाला होता. एक बाई कडेवर तान्हं पोर घेऊन ठाण्यात आली. नवरा बेपत्ता. तो लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा, आसपासची गावं त्याला मास्तर म्हणत. बंद पडलेल्या एका बँडचे दोन जुने सॅक्सोफोन त्याने विकत घेतले होते. एकाची मान वाकलेली, दुसऱ्याच्या पोटाला पोचे, आणि दोन्हींच्या चाव्यांखालच्या चामड्याच्या गाद्या उंदरांनी खाल्लेल्या. लग्नसराईच्या आत ठीकठाक व्हावेत म्हणून वसमतच्या एका कारागिराकडे टाकले होते. ते आणायला मास्तर सकाळच्या एसटीने गेला, तो घरी परतलाच नाही.

मिसिंग दाखल केली. वर्णन लिहून घेतलं, आसपासच्या ठाण्यांना कळवलं. वसमतला शिपाई पाठवला. कारागिराचं उत्तर आलं, दोन्ही बाजे करून दिले, घेऊन गेला.

मग टीप आली. आमचा खबरी आठवडी बाजारात शेंगा विकायचा. पुडी बांधता बांधता तो आमच्या एका जुन्या हवालदारांना म्हणाला, "मास्तरच्या धाकट्या भावाकडं तुराट्यांच्या मागं पितळी काहीतरी चमकून राहिलं, बघा." झडती घेतली तर नव्यासारखा चकचकीत सॅक्सोफोन! धाकटा त्याच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. मोठा बाजा आपल्याला मिळावा म्हणून त्याची भावाशी कुरबुर चालायची, हे गावाला ठाऊक होतं. त्याला ठाण्यात आणून बसवलं.

"हा कुठून आला?"

"दादानं दिला. वसमतहून येताना फाट्यावर भेटला. हातात देऊन म्हणला, तू वाजव."

"आणि दुसरा?"

"त्यो घेऊन गेला."

"कुठं?"

"सांगितलं न्हाई. बोलतच नव्हता मॅडम. तोंडाला गमछा लावून हुता."

"मग लपवलास कशाला?"

"तुमी असंच इचारताल म्हणून."

माझ्या मते गुन्हेगार अगदी असंच बोलतो. मी हवालदारांना बाहेर नेऊन जाहीर केलं, "खून आहे."

ते थांबले. "...मॅडम, लाश?"

"सापडेल," मी म्हणाले. हरवलेल्या छत्रीबद्दल बोलावं तशी.

लाश सापडली नाही, आवाजाची बातमी मात्र ठाण्यात आली. मास्तरच्या गावाबाहेर हळद पॉलिश करायची एक बंद शेड होती. वाळलेली हळद लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवायची, वरची साल निघून कांड्या चकचकीत होतात. मालक हिंगोलीला राहायला गेल्यापासून ड्रम थांबला होता, भिंती आणि पत्रे मात्र हळदीच्या भुकटीने पिवळेच राहिले होते. भर दुपारी, रस्त्यावर कुत्रं नसताना, त्या शेडमधून आवाज यायचा. त्याला वाजवणं म्हणता येत नव्हतं आणि रडणंही. माणसाने बाज्यात फुंकायच्या ऐवजी बाज्यानेच माणसाला आत ओढून घ्यावं, तसा तो आवाज होता.

गावाने निकाल लावून टाकला की मेलेला मास्तर वाजवतोय. मास्तरच्या चुलत्याने ठरवलं, येत्या अमावास्येला, दिवाळी असली तरी, पिठाचा पुतळा करून जाळायचा, म्हणजे आत्मा सुटेल, गावही सुटेल. पुतळा जळाला की बाईच्या बांगड्या फुटणार. इकडे आमच्या साहेबांनीही मला तोच दिवस दिला. तोवर मास्तर मिळाला नाही तर धाकट्यावर खुनाचा गुन्हा.

बाई रोज येऊन ठाण्याच्या लिंबाखाली बसायची. एकदा तिने मला अडवलं.

"बाई, तुमी बी बाईच हायत. लाश दाखवा, मी सोताच्या हातानं बांगड्या फोडते. पिठाच्या बाहुल्यासाठी फोडनार न्हाई."

"गावातले लोक म्हणतात, तो आवाज त्यांचाच आहे."

"त्यांचा न्हाई त्यो. त्यांनी बाजा धरला की रडतं लेकरू गप व्हायचं. ह्या आवाजानं गप असलेलं रडायलंय."

मेलेल्याचा आवाज बायकोने ओळखला असता तर बरं वाटलं असतं. ती म्हणत होती, हा दुसराच कुणी आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही शेडवर गेलो. हवालदार म्हणाले, "मॅडम, तुमी पुढं व्हा, मी मागून कव्हर देतो." पोलीस खात्यात अशी कव्हरं मी नंतर पुष्कळ पाहिली. दारापर्यंत आवाज चालू होता. कडी वाजली आणि तो मधेच तुटला.

आत पिवळी शांतता. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काठ्या खाली टेकल्या होत्या आणि त्यांत भुकटी तरंगत होती. बारदानावर सॅक्सोफोन पडला होता. मी हात लावला, पितळ कोमट! मानेच्या उघड्या टोकातून पाण्याचे थेंब टपकत होते. शेजारचा तो मोठा ड्रम किंचित झुलत होता. वारा म्हणाल तर पानही हलत नव्हतं. मी काय केलं असेल? हाताने ड्रम थांबवला, जणू पाळणा थांबवते आहे, आणि पंचनामा लिहायला बसले. 'सॅक्सोफोन, नग एक, सुस्थितीत.' ड्रमचं झाकण उघडून बघायचं मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं. नातीला सांगते की सुचलं नव्हतं.

बाजा जप्त करून मी वसमत गाठलं. कारागीर मिशीला कलप लावणारा, बोलका माणूस. "हा असा भेसूर का वाजतो?" विचारल्यावर तो दुखावलाच.

"माझ्या कामात गळती निघाली तर मिशी काढीन. बसा."

त्याने शटर ओढलं, दार लावलं आणि वायरला बांधलेला एक बारका दिवा सॅक्सोफोनच्या पोटात सोडला. मग बोटांनी चाव्या दाबल्या. दुकानात मिट्ट काळोख. गादीच्या कडेने उजेडाची रेघसुद्धा बाहेर येत नव्हती. मग त्याने एकच बोट उचललं आणि त्या अंधारात पितळेने डोळा उघडला. मी स्टूल घट्ट धरलं.

"बघितलं? बाजा ठणठणीत हाय. आता ह्याचं माउथपीस द्या, वाजवून दाखवतो."

"ते काय असतं?"

तोही हवालदारांसारखाच क्षणभर थांबला. मग त्याने समजावलं. तोंडात धरायचा काळा तुकडा वेगळा असतो. तो मानेवर बसवल्याशिवाय बाजा मुका. वाजवणारा बाजा दुरुस्तीला टाकतो, पण हा तुकडा स्वतःच्या खिशात ठेवतो. त्यावर त्याचे दात बसलेले असतात, दुसऱ्याला देत नाही. मग कारागिराने आपलं माउथपीस लावून फुंकलं. काय तो स्वच्छ, भरलेला सूर!

"एक सांगू मॅडम? दुरुस्त केलेला बाजा वाजवून न बघता कुणी नेत न्हाई. मास्तर तर दिवसभर बसून चुका काढणारा माणूस. ह्या बारीला गमछ्याआडून नुसता 'चालंल' म्हणला आन दोनी बाजे उचलून गेला."

परतताना जीपमध्ये माझं डोकं पहिल्यांदा टोपीपेक्षा जास्त कामाला आलं. धाकट्याकडे सापडलेल्या बाज्यालाही माउथपीस नव्हतं. बाज्यासाठी भावाला मारणारा तो तुकडा सोडील कशाला? आणि शेडमधला बाजा कोमट होता, त्यातून पाणी गळत होतं. भुताच्या श्वासाचं पाणी होत नाही. ज्याच्या खिशात माउथपीस आहे तो जिवंत आहे, आणि त्याला काही केल्या वाजवता येत नाही. गमछ्याआड तोंडाचंच काहीतरी दुखणं असणार.

ठाण्यात उतरल्या उतरल्या मी बाईला विचारलं, "मास्तर इतक्यात जेवत काय होता?"

"वरणात भाकर कुस्करून. तिखट तर लागायचंच न्हाई. तोंडात एक बोट बी जात न्हाई त्यांच्या. गुटख्याच्या पुड्यांनी जबडा आवळून टाकलाय."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी रंग इचारला, उंची इचारली, अंगावर कापडं कोणती ते इचारलं. काय खात हुते, ते कुठं इचारलं?"

अमावास्येच्या दुपारी गाव नदीवर पुतळा घेऊन जायच्या तयारीत होतं. चुलत्याच्या हातापाया पडून मी थोडा वेळ मागून घेतला आणि बाईला, क्लॅरिनेटसह धाकट्याला आणि हवालदारांना घेऊन शेडवर गेले. मी धाकट्याला म्हणाले, "तुझं क्लॅरिनेट काढ. दादानं शिकवलेलं वरातीचं काहीही वाजव."

त्याने डोळे मिटून फुंकलं. सूर त्या पिवळ्या भिंतींवर आपटून परत येत होते. एका वळणावर तो चुकला.

ड्रमच्या आतून लोखंडावर टक, टक झालं.

हवालदार दाराबाहेर पोचले होते. धाकट्याच्या ओठांवरून क्लॅरिनेट घसरलं. "दादा असंच करायचा," तो पुटपुटला. "म्या चुकलो की माउथपीसनं टेबल वाजवायचा."

झाकण कुरकुरलं. आधी एक पिवळा हात आला, मग पिवळं डोकं. केस, दाढी, पापण्यासुद्धा हळदीने माखलेल्या. घोड्यावर चढायला निघालेला नवरदेव वाटेत मरून परत आला, असं ते रूप. मी पिस्तुलाकडे हात नेला आणि आठवलं, ते ठाण्यातच राहिलंय.

बाई मात्र पुढे झाली. "हळद लावून बसलाव व्हय? दुसरं लगीन करायचंय का?" आणि मग ती खाली बसून जी रडली, ती थांबेना.

मास्तर आवळलेल्या दातांतून एवढंच बोलला, "वाजत न्हाई."

लग्नसराई तोंडावर, बयाणे घेतलेले, दोन बाजे नव्यासारखे झालेले, आणि ओठांत वारा धरवत नव्हता. हे सांगण्यापेक्षा हरवणं त्याला सोपं वाटलं. सोबत आणलेलं सातूचं पीठ पाण्यात कालवून पीत तो तिथे राहिला. रोज दुपारी तो करून बघत होता, आज तरी निघेल म्हणून.

पुतळा न जाळताच नदीत सोडून दिला. धाकटा घरी गेला. जबाब घेताना मी मास्तरला विचारलं, लपायला ही शेडच का? तो म्हणाला, "तिथं दुपारचं कुणी जात न्हाई. आवाज येतो ना."

"तो तर तुझाच आवाज."

"म्या दसऱ्यानंतर गेलो मॅडम. लोक आखाडापासून ऐकून राहिलेत."

मी हवालदारांकडे पाहिलं. ते भिंतीकडे पाहत होते. ते वाक्य मी जबाबात घेतलं नाही, आणि त्या शेडवर पुन्हा गेलेही नाही. तपास पूर्ण झाला होता, असं म्हणू या.

त्या केसपासून मिसिंगची तक्रार आली की मी रंग आणि उंचीच्या आधी विचारत असे, माणूस इतक्यात जेवत काय होता, आणि जाताना खिशात काय ठेवलं होतं. पुष्कळ माणसं सापडली त्या दोन प्रश्नांवर.

नांदेडच्या दवाखान्यात मास्तरचं तोंड दोन बोटं उघडलं. भाकरीपुरतं झालं, बाज्यापुरतं नाही. तुळशीचं लग्न झाल्यावर त्यांच्या बँडची पहिली वरात निघाली, तिथे मला बोलावणं होतं. धाकटा दुरुस्त केलेला सॅक्सोफोन गळ्यात अडकवून उभा होता, पण बाज्याची मान अजून रिकामी. मास्तरने खिशात हात घातला, काळा तुकडा शर्टाला पुसला आणि भावापुढे धरला.

"तुझे दात बसव आता," तो म्हणाला. "आन त्या वळणावर चुकू नको."

गर्दीत बाई पोराला घेऊन उभी होती आणि पोर भोकाड पसरून रडत होतं. धाकट्याने पहिला सूर काढला. ते गप झालं.