आबांनी पसंत केलेली काळी सायकल

माझ्या लग्नात नवरदेवाला द्यायची सायकल आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः निवडली आणि तिच्यापायी माझा नवा संसार रुसून बसला. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. ह्यांची नोकरी शिरपूरला, कचेरीत. ह्यांना हवी होती हिरवी, बारीक नळ्यांची, जिच्यावर बसलं की चार लोक वळून बघतील अशी.

आबा सावद्याचे केळीवाले. जळगावच्या दुकानात ते मलाही घेऊन गेले. लग्नाआधी पोरीचं तिथे काय काम, असं आईचं म्हणणं, पण ऐकतो कोण! दुकानदारानं हिरवी पुढे केली. आबांनी ती एका हातानं उचलली आणि होती तिथे ठेवून दिली. मग कोपऱ्यातली काळी, दोन दांड्यांची, पुढच्या चाकाला जाड चिमटा असलेली सायकल बाहेर काढायला लावली आणि मला म्हणाले, मागे कॅरियरवर बस. भर दुकानात! मी लाजून अर्धी झाले. आबांनी मला तशीच रस्त्यापर्यंत ढकलत नेली, परत आणली आणि कॅरियर आणखी दणकट बसवायला सांगितलं.

मांडवात ती सायकल बघून ह्यांचा चेहरा पडला. दुधाचा रतीब कधीपासून घालणार, असं मित्रांनी विचारलं. शिरपूरला आल्यावर हे कचेरीत पायी जाऊ लागले आणि सायकल ओसरीवर पोत्याखाली गेली. मला दोघांचाही राग आला.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला भाऊ जातो. आम्हाला भाऊच नव्हता. थोरल्या बहिणीचं सासर जामनेरकडच्या खेड्यात. कुणी आणायला आल्याशिवाय सुनेला धाडायचं नाही, ही तिच्या घरची रीत. ऐन उन्हाळ्यात आबा केळीला पाणी देण्यातून सुटत नसत. लग्नानंतर ती एकाही आखाजीला आली नव्हती. माझंही तेच होणार, हे मला दिसत होतं.

सण जवळ आला तशी मी भाकरी थापता थापता रडू लागले. चोरून नव्हे, बाहेर चांगलं ऐकू जाईल असं. शेवटी ह्यांनी पोतं बाजूला केलं, चाकांत हवा भरली आणि पहाटे निघायचं म्हणाले. चोपड्याला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सावदा. रस्ता नुसता खडी आणि फुफाटा. सायकल कुठेही कुरकुरली नाही. कुरकुरत होते ते हे, आणि तेही यावलनंतर थांबले. एका विहिरीवर त्यांनी आधी मला पाणी दिलं, मग खाली बघत विचारलं, कॅरियर टोचतं का. लग्नानंतरचं ते त्यांचं पहिलं प्रेमाचं बोलणं. मला फार बरं वाटलं.

सावद्याला पोचल्यावर आबांनी मला जवळ घेतलं नाही. त्या काळी बाप घेत नसत. ते सायकलच्या सीटवर हात ठेवून नुसते उभे राहिले. घाम पुसत हे म्हणाले, फार जड सायकल घेतलीत, आबा.

"मले पोरगा नाही, पाव्हने," आबा म्हणाले. "पोरीयले आनाले कोनाले धाडू? म्हून अशी घेतली."

ह्यांनी सायकल अंगणात भिंतीला टेकवली. रात्री मान वर न करता जेवले. सकाळी उठून बघते तर अंगणात ना सायकल, ना हे. जावई रागावून परत गेला, असं धरून आईनं डोळ्यांना पदर लावला. आबा दिवसभर केळीच्या बागेतून घरी आले नाहीत. मी मनातल्या मनात ह्यांना नाही नाही ते बोलले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे गल्लीत शिरले. धोतर तापीच्या वाळूनं भरलेलं, तोंड उन्हानं काळं पडलेलं. मागे कॅरियरवर मांडीवर गाठोडं घेऊन माझी थोरली बहीण बसली होती. ती उतरली आणि गाठोडं तिथेच टाकून आबांकडे धावली. रात्री तिनं मला सांगितलं, दारात उभं राहून ह्यांनी तिच्या सासऱ्यांना म्हटलं होतं, मी हिचा भाऊ, आखाजीला न्यायला आलोय.