समुद्राकाठी मातीला कोण येईल?

निवृत्तीनंतर समुद्राकाठी राहायला जायचं ही कल्पना माझी, आमच्या ह्यांची नव्हे. माजलगाव सोडायचं नाव काढलं तरी ह्यांचं तोंड वाकडं व्हायचं. पण माझा दमा! कारखाना सुरू झाला की गच्चीवर काजळी पडायला लागते. सकाळी वाळत घातलेली पांढरी चादर संध्याकाळी करडी होऊन खाली येते. जे चादरीवर तेच छातीत. वर उसाच्या ट्रॉल्यांचा फुफाटा. शाळेत शिकवत होते तोवर सगळा दोष खडूवर ढकलला. रिटायर झाले, खडू सुटला, घरघर काही सुटली नाही. रात्र रात्र उशांना टेकून बसायचं आणि तोंडात पंप मारायचा. वैताग आला होता नुसता.

डॉक्टर म्हणाले, "बाई, औषधं मी देतोच. पण तुम्हाला ही धूळही सोसत नाही आणि इथली थंडीही. कोकणात काही दिवस राहून बघा, हवा बदलेल."

"हवा काय दुकानात बदलून मिळती व्हय?" घरी येताना हे म्हणाले. जिना चढायचा होता, आणि एका वेळी बोलणं किंवा चढणं, दोन्हीतलं एकच मला जमत होतं.

खरं सांगते, मला माणसांचाही वीट आला होता. आमच्याकडं अंत्यविधीला 'माती' म्हणतात. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यापासून मातीला जाणं हीच ह्यांची नोकरी झाली होती. सकाळी फोन वाजला की पांढरा सदरा, टोपी, खांद्यावर पंचा, की निघाली स्वारी.

"आता कोण गेलं?"

"लिंबागणेशच्या मामाच्या साडूची आई."

"तिला तुम्ही कधी बघितलं तरी होतं का?"

"न्हाई. पण साडू माझ्या आईच्या मातीला आलता."

झालं! पुढं बोलायची सोय नाही. दुपारी उन्हातनं यायचे, दारातच पाणी मागायचे, आंघोळ करायचे आणि मग किती माणूस जमलं होतं ते कौतुकानं सांगत बसायचे. लई माणूस होतं म्हणायचे, उभं राहायला जागा न्हवती. माझ्या छातीचा भाता चाललेला आणि मी ऐकते आहे. एकदा मी चिडून म्हणाले, "जित्या बायकोला श्वास घेता येईना, तिकडं बघा जरा!" दुसऱ्या दिवशी हे कोकणच्या गाडीची चौकशी करून आले.

कोकणात घर बघत फिरलो, त्यातलं पहिलं गाव मोठं होतं, किनारा सुंदर होता, पण सुट्टीला आलेल्या लोकांच्या गाड्यांनी रस्ता भरलेला. हा धूर घ्यायला एवढ्या लांब कशाला यायचं? दुसऱ्या गावात घर छान होतं, पण टेकाडावर, आणि वर जायला नुसत्या पायऱ्या. मी खालूनच नमस्कार केला. दोन्हीकडं ह्यांनी मला लाज आणली. मी विहीर बघायची, कौलं बघायची, आणि हे घर दाखवणाऱ्याला विचारायचे, "आजूबाजूला माणसं राहतात का कुलपं हायेत? स्मशान कुठशी हाय?" तो बिचारा माझ्याकडं बघायचा.

"अहो, घर बघायला आलोय की सरण रचायला?"

"इचारून ठेवायला काय जातंय?" म्हणे.

तिसऱ्या गावात मात्र मला घर आवडलं. गाव लहान होतं. घर बसकं, पुढं पडवी, मागं नारळीची चार झाडं आणि पावलांखाली समुद्राची वाळू. धूळ म्हणून नाही. मालक समोरच राहायचा आणि आलेल्या-गेलेल्याला खोली द्यायचा. त्याच्याकडं आम्ही मुक्काम ठोकला. राहून बघू आणि मग ठरवू, असं ह्यांचं म्हणणं. मी दिवसभर त्या रिकाम्या घराच्या पडवीत बसून राहायची. काही करावंसं वाटत नव्हतं. इतक्या वर्षांचा शीण असा बसल्या बसल्या अंगातनं बाहेर पडत होता. बसायला मिळालं हेच पुष्कळ होतं.

एका सकाळी मालक ह्यांच्यापुढं येऊन उभा राहिला. अवघडला होता. "काका, रागावू नका. पलीकडच्या घरातले आजोबा गेले. मुलगा आलाय, पुतण्या आलाय, मी आहे. वाडीत बाकी सगळी म्हातारीच, पोरं मुंबईला. वाट अरुंद, गाडी जात नाही. खांद्याला चौथा माणूस मिळत नाहीये."

हे बसल्या जागेवरून उठले. ना गाव विचारलं, ना जात, ना नातं. पंचा घेतला आणि चालू लागले.

मी त्या घरी गेले. गेले नसते तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं. आमच्याकडं माणूस गेलं की बायका दारातनंच हंबरडा फोडत येतात, गळ्यात पडतात, रडून रडून घर हलवून टाकतात. इथं आजी भिंतीला टेकून एकट्या बसल्या होत्या. सून मुलाबरोबर येऊ शकली नव्हती. दोन म्हाताऱ्या शेजारणी होत्या, पण त्यांनाही कुणी धरून आणलेलं. मी शेजारी बसले तशा आजी मला म्हणाल्या, "चहा झाला का तुमचा?"

मी म्हणाले, "झाला, आजी."

"कुठल्या तुम्ही?"

"बीडकडची."

"बाई गं, किती लांबून आलात," असं म्हणून त्यांनी माझा हात धरला आणि मग त्या रडल्या. ज्या माणसासाठी रडत होत्या त्याचं मी तोंडही पाहिलं नव्हतं. त्यांचा हात हातात घेऊन बसले, आणि सगळा वेळ एकच विचार. हे आधी गेले, तर मी अशीच भिंतीला टेकून बसणार. आणि ज्या माणसानं निम्म्या जिल्ह्याला मातीला पोचवलं, त्याला उचलायला मी दारोदार माणसं मागत फिरणार. भीती वाटली मला. साफ सांगते, भीती वाटली.

हे परत आले, मालकाच्या विहिरीवर कपड्यांसकट पाणी ओतून घेतलं आणि पडवीच्या पायरीवर बसले. खांदा चोळत होते. उंच-सखल वाट, सवय नाही.

मी म्हणाले, "चला, परत जाऊ. नको हे घर."

"कावून?"

"का म्हणून काय? तुम्हीच विचारत होतात ना सगळीकडं? बघितलंत ना आज? तुमच्या मातीला इथं कोण येईल?"

हे सदऱ्याचं टोक पिळायला लागले. मला वाटलं, आता बरं झालं म्हणतील, सामान बांधायला लागतील. खरं म्हणजे मी मनातून माजलगावला पोचलेही होते.

"हितं आल्यापासून तू उशांना टेकून बसली न्हाईस," हे म्हणाले. "आडवी झोपतीस. मी जागा राहून बघतोय."

"आणि तुमची माती?"

"ती मी मेल्यावर हाय. तवा कोण आलं न् कोण न्हाई, मला काय कळणार हाय? तू आडवी झोपलेली मला रोज दिसंल."

मला रडू फुटलं. त्या घरात आलं नव्हतं एवढं आलं. हे उठले, घर घेतो म्हणून मालकाला सांगून येतो म्हणाले, आणि अंगातल्या ओल्या सदऱ्यानंच समोरच्या दारात गेले. मी त्यांना थांबवलं नाही.