शाळेची घंटा आणि आण्णाची जीप

त्या दिवशी आमच्या गावात शाळा भरली, पण घंटा काही वाजली नाही. घंटा माझ्या गॅरेजात जमिनीवर पडली होती आणि मी तिचे दोन तुकडे करायच्या तयारीत होतो... सत्तरच्या दशकातली गोष्ट. गाव आष्ट्याजवळचं, आणि गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि मी.

माझा थोरला भाऊ आण्णा फौजेत होता. तिकडे ट्रक उलटला आणि मणक्याला मार घेऊन तो घरी आला. उपचारासाठी मिरजेला न्यायचं होतं, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, पाठीला आणखी एक जोराचा दणका बसला तर पाय कायमचे जातील.

आता आमचे तेव्हाचे रस्ते! आणि आमची जीप म्हणजे बैलगाडीची सख्खी बहीण. पहिल्या खेपेला गावाबाहेरच्या चरातच आण्णा असा ओरडला, की मी तिथूनच जीप मागे फिरवली. "मला न्हाई जायाचं आता कुटं," एवढंच बोलला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. फौजी माणूस... त्याला रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

मग मी ठरवलं, जीपखालचे पाटेच बदलायचे. पाटे म्हणजे चाकांवरच्या पोलादाच्या लांब पट्ट्या, रस्त्याचा धक्का त्याच खातात. बाजारात मिळायचे ते ओझं वाहायला केलेले, ताठच्या ताठ. मला हवे होते लांब, पातळ, लवणारे... आणि तरीही न मोडणारे. वाटेत पाटा तुटला तर काय, या विचारानं मला दरदरून घाम फुटायचा.

बातमी गावात पसरली आणि एक गंमतच झाली. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे आण्णा सगळ्यांचाच. जो तो आपल्या घरातलं सगळ्यात दणकट लोखंड उचलून आणायला लागला... पहार काय, नांगराचा फाळ काय, हातभर लांबीची कानस काय. "ह्यो घाल गड्या, हत्ती बसला तरी मोडायचा न्हाई!"

यांना कसं समजावणार? पहार वाकली की वाकलेलीच राहते. कानस इतकी कडक, की वाकायच्या आधीच काचेसारखी तुटते. मला पाहिजे होतं वाकून पुन्हा जसंच्या तसं होणारं पोलाद... पण नको म्हणायची सोय नव्हती, म्हणून सगळं ठेवून घेतलं. गॅरेजला भंगारवाल्याची कळा आली.

गावचे लोहार गणपातात्या आणि मी डोक्याला हात लावून बसलो होतो, तेवढ्यात शाळेची घंटा झाली. टण्ण... आवाज विरायलाच तयार नाही. तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मी तात्यांकडे.

शाळेची घंटा म्हणजे दोरीला टांगलेला जुन्या ट्रकचा पाटाच की! कुठं बारीकशी चीर असती तर आवाज बद्द आला असता. वर्षानुवर्षं हातोडी खाऊनही तो खणखणीत होता, आणि रुंदीला जीपच्या पाट्याच्या दुप्पट. उभा चिरला तर मागच्या दोन्ही चाकांचं काम भागणार होतं.

शाळेच्या चौगुले गुरुजींपुढे शब्द काढायला मला धीर होईना. सगळं ऐकून ते घंटेखाली जाऊन उभे राहिले. "शाळा सुटली की सगळ्यांच्या आधी पळायचा आण्णा... त्याला पुन्हा पळता आलं पाहिजे. घेऊन जा." असं म्हणून स्वतःच स्टुलावर चढले आणि दोरी सोडली.

मग तात्यांची भट्टी पेटली. घण मारायला तात्यांची बायको, शेवंताकाकू. पदर खोचून त्या बाईनं असे काही घाव घातले, की बघणारा मी थकलो, त्या थकल्या नाहीत.

पाटा चिरला, ठोकून पातळ केला, लालभडक करून जुन्या ऑइलमध्ये बुडवला. नंतर घासून पुन्हा हळूहळू तापवला. पोलादावर रंग चढत गेले... आधी पिवळा, मग जांभळा, मग निळा. "आता बास! आजून तापवलं तर मऊ हुईल," म्हणत तात्यांनी तो बाहेर ओढला. इतकी वर्षं लोखंडात हात घालून मी ते रंग कधी नीट बघितलेच नव्हते.

गार झाल्यावर एक टोक व्हाइसमध्ये आवळलं आणि दुसऱ्या टोकाला मी अख्खा लोंबकळलो. पाटा वाकला, वाकत गेला... उतरलो, तर पहिल्यासारखा सरळ! मापाला केसाइतकाही फरक नाही. पहार आणणारे, कानस आणणारे, सगळे पुढे होऊन पाट्याला हात लावून बघायला लागले.

पाटे बसवले. आण्णाची समजूत आईनं काढली, कशी ते तिलाच ठाऊक. त्याला मागे गादीवर झोपवलं, शेजारी आई बसली.

तो चर आला. मी गिअर उतरवला... जीप डुलली, बस्स. पुढे खड्डे आले, दगड आले, सांगली गेली, रेल्वेचं फाटकही ओलांडलं. मागून हूं की चूं नाही. मला वाटलं, दात-ओठ खाऊन सहन करतोय. राहवेना, म्हणून जीप बाजूला घेतली आणि वळून बघितलं.

आण्णा तोंड उघडं टाकून घोरत होता. मार लागल्यापासून त्याला धड झोप अशी लागलीच नव्हती. आई दबक्या आवाजात माझ्यावरच खेकसली, "थांबलास कशाला रं? जागा हुईल त्यो. चालीव!"

दवाखान्याचं दार आलं. मी थांबलो नाही. सरळ पुढे गेलो आणि मिरजेला एक फेरी मारली... मग आणखी एक. आरशात आई दिसत होती, तिचे डोळे वाहत होते आणि हातानं ती मला खुणावत होती, चालव, चालव...

ज्यांनी ते पोलाद दिलं, ज्यांनी ते घडवलं, त्यांच्यामुळे माझा भाऊ त्या दिवशी पोटभर झोपला. त्यांचं हे देणं मी जन्मात विसरणार नाही.