ओढ्याकाठची सपाट जागा

सायकलवरून डोंगरातून भटकून यायचं होतं, एवढंच. पण त्यापायी अंदर मावळातल्या एका म्हाताऱ्याला आपलं भाताचं खाचर जाणार असं वाटलं आणि त्यानं शेताची तयारीच बंद ठेवली. याला जबाबदार मी आणि माझा मित्र. मित्राला मी तेव्हा भरपूर बोललो. स्वतःला बोलायला मात्र जरा वेळ लागला.

मी लोणावळ्याच्या शाळेत मास्तर होतो आणि तो स्टेशनात असिस्टंट स्टेशनमास्तर. मला मे महिन्याची सुटी होती, त्याची रजा मंजूर झाली होती. पावसाळ्यात त्याची सोलापूरकडे बदली व्हायची होती, म्हणजे जायचं तर त्याच वर्षी. कान्हे, टाकवे, अंदर मावळ, तिथून भीमाशंकर, जुन्नर आणि जमलं तर थेट त्र्यंबकेश्वर असा बेत ठरला. माझ्या मते तो तिथंच पुरा झाला होता. चाकात हवा भरायची, दशम्या बांधून घ्यायच्या आणि निघायचं.

पण यानं फाल्गुनापासून वेळापत्रक करायला घेतलं. रोज संध्याकाळी मी त्याच्या क्वार्टरवर जावं, तर हा सतरंजीवर कागद पसरून बसलेला. कुठल्या गावाला किती वाजता पोचायचं, पाणी कुठं प्यायचं, किती मिनिटं थांबायचं, सगळं रकान्यात. चढाला त्यानं बोरघाटातल्या मालगाडीचा वेग धरला होता. मालगाडीला मागून रेटायला दुसरं इंजिन असतं, तुला कोण रेटणार, असं विचारलं तर त्यानं मला पेन्सिलीला टोक करायला दिलं. भुशीपर्यंत साधी चक्कर मारू म्हटलं, तर वेळापत्रक पक्कं झाल्याशिवाय नाही. सामानाच्या यादीत साखर-चहा नव्हता, पण लाल आणि हिरवी झेंडी होती. त्या कशाला, हे विचारायचंही त्राण मला उरलं नव्हतं.

त्यावर कळस म्हणजे लाइन क्लिअर. पुढच्या स्टेशनानं वाट मोकळी आहे असं कळवल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा रेल्वेचा नियम. याला सायकलही तशीच सोडायची होती. म्हणून मुक्कामाच्या प्रत्येक गावच्या पाटलाला पत्र, आणि उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही. अक्षर माझं बरं, म्हणून लिहायचं काम माझ्या गळ्यात. तो सांगत गेला, मी चरफडत लिहीत गेलो. ओढे किती, चढ कसा, जमीन मुरमाड की कातळाची, पूल आहे का. मुक्कामाला तंबू कुठं ठोकायचा, ही काळजी मात्र माझी होती. 'ओढ्याकाठी सपाट जागा कोणाच्या मालकीची व केवढी आहे, ते कळवावे,' असं शेवटी मीच घातलं. सायकल हा शब्द पत्रात कुठं आलाच नाही, हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. उत्तर लोणावळा स्टेशनावर पाठवावं असं लिहून आम्ही पत्रं टपालात टाकली.

उत्तरं येईनात. शाळेला सुटी लागली. मी रोज वैतागायचो आणि तो रोज टपाल बघून मान हलवायचा. समोरून दुसरी गाडी आली तर काय, म्हणायचा. त्या डोंगरात आपल्यासारखे मूर्ख आणखी कोण येणार आहेत, असं मी म्हणालो, आणि त्या दिवशी आमचं बोलणं तिथंच थांबलं.

सुटीचा पहिला आठवडा असा वाया गेल्यावर एका दुपारी त्यानं मला स्टेशनात बोलावून घेतलं. बाकावर एक म्हातारा बसला होता. पहाटे निघून तो टाकव्यावरून कान्ह्याला आणि तिथून रुळाच्या कडेनं लोणावळ्यापर्यंत चालत आला होता. पाटलानं आमचं पत्र चावडीवर वाचून दाखवलं होतं. गावात ओढ्याकाठी सपाट जागा एकच, या म्हाताऱ्याचं खाचर. त्या खोऱ्यात पूर्वी धरण झालं, त्यात त्याची जुनी जमीन गेली होती. नंतर दगड वेचून, बांध घालून त्यानं हे खाचर केलं होतं. आता तिथून रेल्वे जाणार असं सगळ्या गावानं धरलं होतं.

"राब भाजला न्हाई औंदा," तो म्हणाला. "जायाचंच आसंल तर कशापायी भाजू?"

शेण आणि झाडांचे टहाळ पसरून रोपाची जागा भाजतात, तो राब. पावसाआधी तो झाला नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षाचा भात नाही. मी म्हटलं, आबा, आम्ही सायकलवरून नुसतं फिरायला येणार होतो, तंबूपुरती जागा हवी होती, जमीन कोणी घेत नाही.

"मागच्या टायमाला बी सायब तंबूलाच जागा इचारत आलता," तो म्हणाला.

यावर आमच्या शहाण्यानं काय करावं? जमीन जाणार नाही असं लिहून देतो म्हणत कागद पुढं ओढला. कागदानंच हे झालं, आता आणखी कागद नको, असं मी फलाटावर चारचौघांत त्याला सुनावलं. खरं तर मी माझ्यावरच चिडलो होतो. तंबूची ओळ माझी होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही लाइन क्लिअरवाचून निघालो. म्हातारा सायकलवर बसायला तयार नव्हता, म्हणून आम्हीही सायकली हातात धरून त्याच्याबरोबर गावापर्यंत चाललो. गावानं सायकली पाहिल्या, मित्रानं चावडीपुढं एक फेरी मारून दाखवली, पडलाही. लोक हसले. म्हातारा हसला नाही. त्यानं पिशव्या उघडायला सांगितल्या. माझ्या पिशवीत दशम्या निघाल्या. मित्राच्या पिशवीतून लाल आणि हिरवी झेंडी निघाली.

"मोजणीला आदी झेंड्या लावत्यात," म्हातारा म्हणाला, "मग खुट्ट्या मारत्यात."

मी डोक्याला हात लावला. मित्र पुढं झाला. साध्या दोऱ्यालाही पावती मागणारा तो माणूस. त्यानं रेल्वेच्या झेंड्या म्हाताऱ्याच्या हातात दिल्या. म्हाताऱ्यानं त्या गुंडाळून काखेत मारल्या, घरच्या भिंतीवरचा कोयता घेतला आणि टहाळ तोडायला रानात निघाला. आम्ही त्याच्या मागं गेलो.

तीन दिवस आम्ही टहाळ वाहिले. भीमाशंकर राहिलं, जुन्नर राहिलं. चौथ्या दिवशी सकाळी राब पेटला. निघताना मित्रानं दबकत झेंड्यांची आठवण केली. पाऊस पडून खाचरात रोपांची आवणी होऊ दे, मग बघू, असं म्हातारा म्हणाला.