टिकलीचं पथ्य

जिजाबाईच्या हातचं अन्न कोणत्याही पोटात ठरतं, असं सेवाग्रामच्या दवाखान्यात येणारे लोक सांगत. ऑपरेशन होऊन चार-पाच दिवस पाण्यावर राहिलेली माणसं तिच्या डब्यातली मुगाची पातळ खिचडी खात आणि ती आत राही. रोहण्याहून, गिरडहून, पार यवतमाळकडच्या खेड्यांतून आलेले नातेवाईक दवाखान्याच्या फाटकाशी उतरले की पानठेल्यावर विचारत, पथ्याचे डबे करणारी बाई कुठं राहते. पानठेलेवाला मान न उचलता गल्लीकडे बोट करी.

तीच जिजाबाई आता रोज सकाळी उठली की चूल पेटवायच्या आधी मोरीजवळची फरशी पाही. फरशीवर पिवळसर फेस असे, त्यात सोयाबीनएवढे मांसाचे तुकडे, जसे घातले तसेच. शेजारी टिकली पाय पोटाखाली घेऊन बसलेली असे. पांढरी मांजर, कपाळावर एकच काळा ठिपका. ती जिजाबाईकडे पाहत नसे, भिंतीकडे पाही.

मांजर हरिदासची. हरिदास जिजाबाईचा नवरा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. एका बसच्या इंजिनाखाली हे पिल्लू सापडलं तेव्हा ग्रीसने माखलेलं होतं. त्याने ते रॉकेलच्या फडक्याने पुसून घरी आणलं आणि आयुष्यभर कुणाचे लाड न केलेला माणूस त्याचे लाड करू लागला. टिकली वाटीतलं खात नसे. ताटलीतलं खात नसे. हरिदासने बोटांत धरून दिलं तर खाई, आणि तेही तीनदा हुंगून. मागच्या पडवीत एका चेपलेल्या जर्मनच्या गंजात, उभट पातेल्यात, तो तिच्यासाठी कोंबडीचे तुकडे नुसत्या पाण्यात उकडायचा. ना हळद, ना मीठ. जिजाबाई पाहून नाक मुरडायची. हा काय स्वैपाक झाला, पोतेऱ्याचं पाणी बरं, असं म्हणायची. तो हसायचा.

मग त्याच्याच पोटात रोग निघाला. शेवटचे तीन महिने त्याला काही पचेना. अख्ख्या दवाखान्याला खाऊ घालणारी बाई रोज नवं काहीतरी करून त्याच्या उशाशी बसे, आणि चमचा ओठांजवळ गेला की तो तोंड फिरवून घेई. एकदा शेजारच्या खाटेवरच्या माणसाने दिलेलं अर्धं बिस्कीट मात्र त्याने खाल्लं होतं. ते अर्धं बिस्कीट जिजाबाई विसरली नव्हती. होळीच्या आधी तो गेला.

घरात ती आणि मांजर उरली. मुलगा अश्वजित पुण्याला, फोनवर. टिकलीने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तेव्हा जिजाबाईने पदर खोचला. त्या उकडलेल्या पाण्याचे दिवस गेले, आता तुले माणसासारखं करून घालते, असं ती मांजरीला म्हणाली.

तिच्या पथ्याच्या स्वैपाकाची एक रीत होती. वीस वर्षांपूर्वी एका मोठ्या डॉक्टरने तिला सांगितलं होतं की रोग्याच्या सूपमध्ये मसाला नको, कांदा-लसणाचा तुकडासुद्धा नको. पण बिनवासाचं सूप रोगी पीत नाही हे तिला दिसत होतं. म्हणून ती लसणाच्या चार पाकळ्या आणि अर्धा कांदा ठेचून पांढऱ्या फडक्यात बांधायची, ती पुरचुंडी उकळत्या पाण्यात सोडायची, आणि उतरवायच्या आधी चिमट्याने काढून टाकायची. सूप स्वच्छ, नितळ. रोगी पिऊन टाकत. त्यात काय काय आहे असं कुणी विचारलं तर ती खुशाल सांगायची, काही नाई, निव्वळ पानी अन् कोंबडी. ते खोटं आहे असं तिला कधी वाटलं नाही. जे काढून टाकलं ते घातलंच नाही, असा तिच्या हाताचा हिशोब होता.

टिकली ते खाऊ लागली. भुकेपोटी खाई आणि तासाभरात ओकून टाकी. जिजाबाईने दूध देऊन पाहिलं, त्याने मांजरीला हगवण लागली. तांदळाची पेज पाहिली, उकडलेलं अंडं पाहिलं. अश्वजितने पुण्याहून एक चकचकीत पाकीट पाठवलं. ते टिकलीने हुंगलं आणि वरून माती ओढल्यासारखा फरशीवर पंजा घासला. जिजाबाई पुन्हा आपल्या सूपाकडे वळली. दिवसभरात दहादा करू लागली, ताजं, कोमट, वाटीभर. डब्यांना उशीर होऊ लागला. एक-दोघांनी दुसरीकडे डबा लावला, तिला ते उशिरा कळलं आणि कळूनही काही वाटलं नाही.

तिच्याकडे रोज डबा न्यायला मनकर्णाबाई येत. रोहण्याच्या शेतकरी घरातली साठीची बाई, गळ्यात तुळशीची माळ. नवरा लक्ष्मणराव महिन्यापासून वॉर्डात होता आणि त्या धर्मशाळेच्या ओट्यावर राहत होत्या. डबा नवऱ्यासाठी. स्वतः त्या माळकरी, कांदा-लसणाला हात लावत नसत. ओट्यावरच भाकर थापून मिरचीच्या बिनलसणाच्या ठेच्याशी खात.

"आमच्या इकडे मांजर उंदरं खाते," त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "अन् तुह्या इथं मांजराले डबा लागते."

जिजाबाई हसली नव्हती. मनकर्णाबाईंनी पुन्हा थट्टा केली नाही. नंतर त्या डबा घेऊन दोन घटका बसू लागल्या. मांजरीले दुःख झालं वं, त्या म्हणायच्या. धन्याच्या मागं जाऊन राह्यली. गल्लीतलेही तेच म्हणत. जिजाबाईला ते पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच तिची झोप उडाली होती. हरिदासने तोंड फिरवलं होतं तसंच ही फिरवते. एकाच घरातली दोन पोटं आणि दोन्ही आपल्या हाताला नाही म्हणतात. मग त्या वॉर्डातल्या शेकडो माणसांनी जे खाल्लं ते काय होतं? ती स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाही. बोटांच्या टोकांना पिवळट झाक होती, साबणाने न जाणारी.

एका सकाळी टिकली उठून मोरीपर्यंतही गेली नाही. बसल्या जागी ओकली, आणि तिच्याखालचं गोणपाट चहाच्या रंगाच्या लघवीने भिजलं होतं. जिजाबाईने तिला भाजीच्या पिशवीत घातलं आणि गुरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथे रांगेत तीन बकऱ्या आणि खूर सुजलेला एक बैल होता. डॉक्टर रक्षा, हिंगणघाटची पोरगी, कोपरापर्यंत हातमोजा चढवून उभी होती. तिने पिशवीत वाकून पाहिलं, टिकलीचा ओठ वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या. मग तिने विचारलं, काय खाऊ घालता. साधं उकडलेलं, जिजाबाई म्हणाली, त्यात काही नसते. डॉक्टरने एक सुई दिली. काकू, हिच्या अंगात रक्त उरलं नाही, म्हणाली, आणि असं का झालं ते समजत नाही तोवर औषधाचा उपयोग नाही. जे घालता ते दुपारी डब्यात घेऊन या, मला पाहू द्या.

जिजाबाई घरी गेली. तिने सगळ्यात चांगलं सूप केलं. परीक्षेला बसल्यासारखं केलं. नितळ, एक कण तरंगत नव्हता. स्टीलच्या डब्यात भरून, फडक्यात गुंडाळून, टिकलीच्या पिशवीबरोबर नेलं.

डॉक्टर रक्षाने झाकण उघडलं, नाकाजवळ नेलं, आणि डबा टेबलावर ठेवला.

"काकू, याच्यात लसूण आहे."

"लसूण नाई," जिजाबाई म्हणाली. "लसूण मी काढून टाकते."

"काढून टाकता म्हणजे?"

जिजाबाईने सांगितलं. पुरचुंडी, चिमटा, वीस वर्षं. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला, कारण समोरची पोरगी मान हलवत नव्हती.

"माणसाला चालतं," रक्षा शेवटी म्हणाली. "मांजराला कांदा-लसूण विष आहे. त्याचं पाणीसुद्धा. रक्त जळतं त्यानं. किती दिवस झाले?"

जिजाबाईने होळीपासूनचे महिने बोटांवर मोजले आणि बोटं मोजताना ती पिवळी टोकं तिला दिसली. तिने हात पदराखाली घेतले.

मी तिले मारून राह्यली होती, असं ती म्हणाली, की नुसतं मनात म्हणाली, हे तिला नंतर आठवेना. डॉक्टरने आणखी एक सुई दिली, रक्त वाढायचं औषध लिहून दिलं. आजपासून नुसत्या पाण्यात उकडलेलं, म्हणाली, आणि या दोन दिवसांत तिनं खाल्लं पाहिजे. खाल्लं तर सांगता येईल काही.

नुसत्या पाण्यात. घरी येऊन जिजाबाई पडवीत गेली. फळीवर हरिदासचा चेपका गंज पालथा होता, त्यावर धूळ. इतके महिने तो तिच्या डोळ्यांसमोर होता. तो घासून तिने त्यात पाणी ठेवलं, कोंबडीचे तुकडे टाकले. हळदीच्या डब्याकडे हात गेला, तिने तो मागे घेतला. मिठाकडे गेला, पुन्हा घेतला. असं रिकाम्या हाताने चुलीसमोर उभं राहणं तिला जमत नव्हतं. वाफ आली, तिला नुसताच मांसाचा वास आला, आणि तिला पडवीत उकिडवा बसलेला हरिदास दिसला.

तुकडा निववून तिने टिकलीच्या तोंडाशी धरला. टिकलीने हुंगलं. एकदाच. आणि तोंड फिरवलं.

तिने हात राखेने घासले, चिंचेने घासले, मग लिंबाने. पुन्हा धरला. टिकलीने डोळे मिटून घेतले. चमच्याने दिला, ताटलीत ठेवला, जमिनीवर ठेवला. मांजर जागची हलली नाही. वास बोटांत नव्हता आता, बोटंच त्या वासाची झाली होती. जिजाबाई भिंतीला टेकून खाली बसली. डबे करायचे होते, तिने एकही केला नव्हता.

मनकर्णाबाई संध्याकाळच्या डब्याला आल्या तेव्हा चूल थंड होती. त्यांनी विचारलं, काऊन वं, बरं नाई का? जिजाबाईने सगळं सांगितलं, पुरचुंडीपासून. काही लपवलं नाही. आणि मग जे मागायचं नव्हतं ते मागितलं.

"तुमच्या हाताले लसूण नाई," ती म्हणाली. "मले मालूम हाये तुम्ही माळकरी. पन तेवढा एक तुकडा धरता का?"

माळ घेतल्यापासून, बावीस वर्षांत मनकर्णाबाईंनी मांसाला बोट लावलं नव्हतं. त्यांनी गंजाकडे पाहिलं, मग गोणपाटावरच्या मांजरीकडे. मग गळ्यातली माळ उचलून पोलक्याच्या आत सारली.

"तू भायेर जाय," त्या म्हणाल्या. "तुहा वास येते तिले. दार लावून घेजो."

जिजाबाई बाहेर आली. दार ओढून घेऊन उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहिली. समोरच्या घरात टीव्ही चालू होता. गल्लीतून कुणीतरी सायकलवरून जाताना, डबा तयार आहे का, म्हणून विचारून गेलं. आतून मनकर्णाबाईंचा हळू आवाज येत होता, वासराला चुचकारावं तसा. मग तोही थांबला. जिजाबाईने कपाळ दाराला टेकवलं. आत जायचं नव्हतं. आपल्या घरात, आपल्या चुलीवरचं अन्न दुसऱ्याच्या हातून जात असताना आपण बाहेर उभं राहायचं, एवढंच काम तिच्या वाट्याला आलं होतं, आणि तिने आयुष्यात केलेल्या कुठल्याही कामापेक्षा ते जड होतं. तिला वाटलं, त्या अर्ध्या बिस्किटाच्या वेळीही असंच बाहेर जायला हवं होतं. कदाचित त्याने दुसरं अर्धंही खाल्लं असतं.

"एक खाल्ला," आतून आवाज आला.

जिजाबाई हलली नाही.

"आता दुसरा हुंगून राह्यली. येऊ नको अजून."

ती मागे सरून उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे बांधून, दारापासून लांब.